उत्तर: सेटअप फाइल्स ठेवायच्या की उडवायच्या?
वरच्या एका उत्तरात म्हटलंय की सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं की त्यासाठी डाउनलोड केलेली सेटअप फाइल उडवून टाका, ब्राउझर वगैरेसाठी ठीकच आहे, नवीन व्हर्जन कधीही मिळतं. पण जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा कंपनीने बंद केलेलं सॉफ्टवेअर असेल तर फाइल जपाच, नंतर साइटवरून लिंकच गायब होते. आणि डाउनलोड झाल्या झाल्या नाव बदला हो, नाहीतर फोल्डरमध्ये 'सेटअप', 'सेटअप (१)', 'सेटअप (२)' अशी रांग लागते आणि कुठली कशाची काही कळत नाही. मी नाव, व्हर्जन आणि ३२ की ६४ बिट एवढं लिहितो. साइटवर एसएचए-२५६ (फाइलवरून काढलेला, तिच्या ठशासारखा लांबलचक कोड) दिला असेल तर विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिल या कमांडने तुमच्या फाइलचा कोड काढून जुळवून बघा, फाइल अर्धवट उतरली असेल तर तिथेच कळतं. झिपमधून थेट चालवू नका, आधी एक्स्ट्रॅक्ट करा, बरेचदा सेटअप डीएलएल (त्याला चालायला लागणारी सोबतची फाइल) सापडत नाही म्हणून रडतं ते यामुळेच.