पाचशे रुपयांच्या आतल्या, रोज कामी येणाऱ्या वस्तू: राउटरचा बॅकअप, नळाची जाळी वगैरे

भाडेकरू_पुणे३८
भाड्याचा फ्लॅट आहे, सर्वात वरचा मजला. भिंतीला छिद्र पाडायची किंवा वायरिंगला हात लावायची परवानगी नाही. दुपारी तासभर वीज गेली की वायफाय बंद होतं. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी ओट्यावर उडतं. प्रत्येकी पाचशेच्या आत काय घेता येईल? आणखी काही सुचवण्यासारखं असेल तर तेही सांगा.

तांब्याची_तार
आधी राउटरच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं, पण ९ व्होल्टचेही राउटर आहेत. पिन तीच बसते, म्हणून ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. लेबलवर गोलाच्या मधल्या ठिपक्याला अधिक चिन्ह जोडलेलं आहे ना, तेही पाहा.

घरात पॉवरबँक असेल तर ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारी यूएसबी केबल पुरते, ती दोनेकशे रुपयांत मिळते. पिन ५.५ × २.१ मिमी, हीच जास्त चालते. १०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टला ३७ वॉट-तास. व्होल्टेज वाढवताना काही ऊर्जा वाया जाते, हाती २८-३० उरतात. राउटर ७ वॉट घेत असेल तर चार तास निघतात.

खरी अडचण वेगळीच असते. बऱ्याच पॉवरबँका चार्ज होता होता बाहेर वीज देत नाहीत. काही देतात, पण चार्जर बंद होताच क्षणभर थांबतात आणि तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो. राउटर लावून ठेवा, चार्जरचं बटण बंद करा आणि दिवे बघा. लुकलुकले तर वीज गेल्यावर हाताने केबल बदलावी लागेल. तो त्रास नको असेल तर बजेट ताणून राउटरचा मिनी यूपीएस घ्या, म्हणजे वीज गेली तरी राउटर न थांबता चालू ठेवणारा बॅटरीचा छोटा डबा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागतो, नाहीतर वायफाय दिसेल पण नेट नसेल.

आटे_आणि_वॉशर
नळाला जाळी, म्हणजे एरेटर, बसवा. नळाच्या तोंडाला आतून आटे असतील तर २४ मिमी, बाहेरून असतील तर २२ मिमी. आटेच नसतील तर रबरी तोंडाची, क्लिपने आवळायची जाळी मिळते.

मिनिटाला ३ लिटरवाली मात्र घेऊ नका. टाकी गच्चीवर असेल तर दर मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर तो इतका कमी पडतो की नुसती धार ठिबकते. प्रवाह न अडवणारी साधी जाळी घ्या. बादली भरायच्या नळाला जाळीची गरजच नाही. बादलीला पाणी तेवढंच लागतं, फक्त वेळ जास्त जातो.

बोअरच्या पाण्याने जाळीवर पांढरे क्षार धरतात. काढून अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. बसवताना वॉशर विसरू नका आणि हातानेच आवळा. पान्याने आवळलं तर प्लॅस्टिकचे आटे तडकतात.

ओट्यापाशी
गॅसची नारिंगी सुरक्षा नळी बघितली का? तिच्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की बदलायची, वरून चांगली दिसली तरी. लांबी दीड मीटरच्या आत ठेवा. नवी बसवल्यावर दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा, काडी पेटवून कधीही तपासू नका. नळीवर कापड किंवा आच्छादन घालू नका, चिरा आणि उंदराचे दात दिसायला हवेत.

तांब्याची_तार
एक राहिलं: ९ वॉटचा इन्व्हर्टर बल्ब, म्हणजे आत बॅटरी असलेला, वीज गेल्यावरही लागणारा. नेहमीच्याच होल्डरला बसतो. चार्जिंगसाठी बोर्डवरचं बटण चालूच ठेवावं लागतं, ८-१० तास. बल्ब दोन्ही वायरींमधला मार्ग पूर्ण आहे का ते ओळखून पेटतो; म्हणून होल्डरमधून काढून खालचे दोन्ही ठिपके बोटाने दाबले तरी लागतो. मेन स्विच पाडला आणि घरात दुसरं काही चालू नसलं तर तो मार्ग तुटतो आणि बल्ब लागत नाही. तो बल्बचा दोष नव्हे.

भाडेकरू_पुणे३८
माझ्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपियर आहे. केबल चालेल?

तांब्याची_तार
लेबलवरचा आकडा कमाल असतो, राउटर सहसा त्याहून बराच कमी घेतो. पण ५ व्होल्ट २ अँपियरच्या पॉवरबँकेतून १२ व्होल्टला पाऊण अँपियरच्या आसपासच मिळतो. लावून बघा. सुरू होता होता पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर वीज कमी पडतेय. मग ५ व्होल्ट ३ अँपियर देणारं यूएसबी तोंड आणि तेवढा भार झेपणारी केबल वापरा.