ॲब्सिंथची चव मराठीत कशी सांगावी?

प्रश्न

१९व्या शतकातल्या पॅरिसच्या कॅफेंवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात पानोपानी ॲब्सिंथ ही वनस्पतींपासून गाळलेली दारू आहे. ती ज्या वनस्पतीपासून होते तिला शब्दकोशात 'दवणा' दिलंय. पण दवणा म्हटलं की चैत्रात जोतिबाला वाहतात तो सुगंधी दवणा डोळ्यांसमोर येतो. चवीला सरळ 'कडू' लिहावं का? आणि पाणी घातल्यावर ती 'गढूळ' होते असं लिहिलंय, ते मलाच खटकतंय.

प्रतिसाद

'दवणा' चूक नाही, अपुरा आहे. दोन्ही झाडं आर्टेमिसिया वंशातली. आपला दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स, ही आर्टेमिसिया ॲब्सिंथियम. मराठी बायबलात हिच्यासाठी 'कडूदवणा' असा नेमका शब्द आहे. युनानी औषधांत हिलाच अफसंतीन म्हणतात, पण तो शब्द वैद्यकाबाहेर फारसा कुणाला कळणार नाही. वनस्पतीला कडूदवणा लिहा. पेयाचं नाव मात्र ॲब्सिंथच राहू द्या, 'दवण्याची दारू' नको.

प्रतिसाद

'कडू' कृपया लिहू नका. ॲब्सिंथवर झालेला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे. कडूदवण्याचा जहर कडूपणा ज्या ॲब्सिंथिनमुळे येतो, ते ऊर्ध्वपातनात वर चढत नाही, भांड्यातच मागे राहतं. अर्कात उतरतो तो मुख्यतः सुगंध. आधी जिभेवर येते अनिस या मसाल्याच्या बियांची गोडसर चव, मग हिरव्या पाल्याचा वास, आणि शेवटी जीभ किंचित बधिर करत रेंगाळणारी कडसर छटा. 'कडसर' हाच शब्द हवा. नुसता कडूदवणा दारूत भिजवून कडूजहर पेय केलं, तर ती वेगळी गोष्ट.

अनिसला 'बडीशेप' लिहू नका, कारण ॲब्सिंथमध्ये दोन्ही असतात आणि झाडंही वेगळी आहेत. वासाची कल्पना हवी असेल तर मसाल्यातलं बाद्यान चुरडून हुंगा. अनिस, बडीशेप आणि बाद्यान, तिन्हींत ॲनेथोल हेच मुख्य सुगंधी द्रव्य आहे.

प्रतिसाद

'गढूळ' खटकणारच, त्यात माती आहे. 'दुधाळ' म्हणा. फ्रेंचमध्ये या बदलाला 'लूश' म्हणतात. ॲनेथोल मद्यार्कात विरघळतं, पाण्यात नाही. पाणी वाढलं की त्याचे सूक्ष्म थेंब वेगळे होतात आणि पेल्यातला हिरवा रंग दुधाळ होत जातो. म्हणूनच पाणी एकदम ओतायचं नसतं. साधारण ३० मिली ॲब्सिंथला तिप्पट ते पाचपट बर्फगार पाणी, तेही थेंबाथेंबानं, हवं तर जाळीच्या चमच्यावर ठेवलेल्या साखरेच्या खड्यावरून. ४५ ते ७४ टक्के मद्यार्काचं हे पेय पाण्याशिवाय प्यायलं तर जळजळीपलीकडे काही कळत नाही. पाणी पडलं की एकेक वनस्पतीचा वास सुटा होतो. आधी हुंगावं, मग छोटा घोट घ्यावा. चांगली ॲब्सिंथ साखरेविनाही छान लागते.

लेखात साखर पेटवल्याचं वर्णन असेल तर ते जरूर तपासा. ती १९९०च्या दशकातली चेक टूम आहे. जुन्या पॅरिसमध्ये साखर विरघळवत, जाळत नसत.

प्रश्नकर्ती

कडूदवणा, कडसर, दुधाळ, तिन्ही घेतले. लेखात ज्वाळा नाही, बरं झालं. पण स्वित्झर्लंडच्या व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यातल्या 'ला ब्लू' नावाच्या ॲब्सिंथचा उल्लेख आहे. ती निळी असते का?

प्रतिसाद

नाही, ती पाण्यासारखी नितळ असते. हिरवा रंग ऊर्ध्वपातनानंतर वनस्पती पुन्हा भिजवल्यानं येतो. ला ब्लूमध्ये ती पायरी वगळतात. १९१० ते २००५ या स्विस बंदीच्या काळात ती चोरून गाळली जायची आणि बिनरंगी असल्यानं सहज लपायची. चवीला हिरवीपेक्षा सौम्य. आणि हो, लिंग स्त्रीलिंगीच ठेवा. वाईन, रम, बिअर सगळ्या 'ती'च आहेत, फ्रेंचमध्ये ॲब्सिंथही.