नवीन वॅगनआरचं पहिलं ऑइल कधी आणि कुठं बदलू? (दारव्हा तालुका)

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. दसऱ्याला वॅगनआर घेतली, १.२ पेट्रोल. घरातली पहिलीच चारचाकी. बाबांचे कापसाचे पैसे आणि माझं कर्ज मिळून घेतली आहे, त्यामुळे जीव अडकला आहे तिच्यात. आज मीटरवर ४,३४० किमी.

वापर असा: घर ते ऑफिस ११ किमी, त्यातली ४ किमी पांदण (शेतातला कच्चा रस्ता). सध्या कापूस-तुरीच्या ट्रॅक्टरनं पांदणीचं नुसतं पीठ झालं आहे, गाडी रोज पांढरी होऊन येते. महिन्यातून एकदा आजीला सावंगी मेघेच्या दवाखान्यात न्यावं लागतं, तेवढाच लांबचा प्रवास.

१ हजाराच्या पहिल्या फ्री सर्व्हिसला ऑइल बदललं नाही, फक्त पाहिलं. ती सर्व्हिस बाहेरगावी केली होती, नाव घेत नाही. घरी येऊन बोनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप उघडीच. तेव्हापासून विश्वास उडाला.

विचारायचं असं की ऑइल ५ हजारला बदलू की पुस्तकात दिल्याप्रमाणे १० हजार किंवा १ वर्षाला? यवतमाळला नेऊ (गावापासून ५२ किमी), शेजारच्या तालुक्यात कंपनीचं छोटं अधिकृत सर्व्हिस आहे तिथं, की गावच्या मिस्त्रीकडे? आणि काम नीट झालं हे आपल्याला कसं कळावं? बजेट २,५०० च्या आत. ऑइल पुस्तकात ०डब्ल्यू-१६ (ऑइल किती पातळ-जाड त्याचा नंबर) लिहिलं आहे.

शिवारवाला
भाऊ, दहा हजारालोक कायले थांबतं? नव्या इंजिनाच्या पहिल्या ऑइलात चांदीसारखा चुरा असते. उन्हात धरून पाहजो, चमकते. म्या माह्या ट्रॅक्टरचं पहिलं ऑइल ५० तासातच बदललं, पुस्तकातच तसं होतं. नऊ वर्सं झाले, इंजिन खोललं नाही अजून. गावातला मिस्त्री ३०० रुपये घेते आन् तुह्या डोयासमोर करते. शोरूमवाल्याइच्या नादी लागू नोको.

आर्णीचा_नागपुरात
मित्रा, सरळ नागपूरला आण. कारंजावरून समृद्धी पकडली की दोन-अडीच तासांत इथं. मी माझ्या गाडीचं पहिलं ऑइल २ हजारालाच काढलं आणि बाहेरचं फुल्ली सिंथेटिक टाकलं. ४,८०० लागले, पण इंजिनचा आवाजच गेला. समृद्धीवर १२० ला पण आत बसून बोलता येतं. नवीन गाडीवर पैसे वाचवू नयेत.

दारव्हेकर
दादा, बजेट वर दिलं आहे. आणि ऑइल बदलायला येऊन-जाऊन तीनशे किमीच्या वर गाडी फिरवायची म्हणजे पेट्रोलच हजार-दीड हजाराचं.

पुसदचा_डिझेलवाला
०डब्ल्यू-१६? पाण्यासारखं असतं ते. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री जातं. अशा उन्हात पातळ ऑइल टिकतच नाही. मी माझ्या डिझेल गाडीत १५डब्ल्यू-४० टाकतो, १ लाख ८० हजार किमी झाले, इंजिन खोलावं लागलं नाही. तू निदान २०डब्ल्यू-४० टाक, स्वस्तही पडेल आणि बजेटातही बसेल. ऑइल काळं पडलं की बदलायचं, बाकी पुस्तक वगैरे थंड प्रदेशासाठी लिहिलेलं असतं.

पूर्णाकाठ
हा सल्ला घेऊ नका. मी दर्यापूरचा, सध्या पुण्यात इंजिनच्याच कामात आहे. बाहेर ४६ डिग्री असो की १५, गाडी तापली की थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून इंजिनचं पाणी ठरलेल्या तापमानाच्या आसपास ठेवतात, साधारण ९० डिग्रीला. शेवटचा १६ किंवा ४० हा आकडा १०० डिग्रीला ऑइल किती घट्ट राहतं त्याचा आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत सुरू करतानाचा. म्हणजे आपल्या उन्हाळ्यानं हिशोब फार बदलत नाही. या इंजिनचे बेअरिंग, ऑइलच्या वाटा, पंप, सगळं पातळ ऑइल धरून बनवलेलं आहे. जाड टाकलं तर सकाळी सुरू केल्यावर ते वरपर्यंत पोहोचायला उशीर लागतो, आणि मायलेज जातं ते वेगळं.

डब्यावर ०डब्ल्यू-१६ आणि एपीआय एसपी (ऑइलच्या दर्जाची खूण) हे दोन्ही पाहा, एवढं पुरे.

पुसदचा_डिझेलवाला
पुण्यात बसून पुसदचं ऊन कळत नाही. १ लाख ८० हजार किमी माझी गाडी चालली आहे, तुमची किती चालली?

पूर्णाकाठ
दादा, तुमच्या गाडीला कंपनीनंच १५डब्ल्यू-४० सांगितलं असेल तर तुम्ही बरोबरच करता आहात. गाडी वेगळी, इंजिन वेगळं. आणि डिझेलचं ऑइल काजळीनं पहिल्या आठवड्यातच काळं होतं, त्यावरून पेट्रोलचं ठरवता येत नाही.

पुस्तक_आधी
इतकी चर्चा कशाला? मॅन्युअल वाचा. १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते. तोपर्यंत ऑइलला हात लावायचा नाही. पूर्वी इंजिनची घडण ओबडधोबड असायची म्हणून पहिलं ऑइल लवकर काढत, आता तसं राहिलं नाही. गाडीला ३ वर्षं किंवा १ लाख किमीची वॉरंटी आहे, गावच्या मिस्त्रीकडे गेलात आणि उद्या इंजिनमध्ये काही निघालं तर कंपनी पहिलं तेच विचारेल, सर्व्हिस कुठं केली, बिल दाखवा. यवतमाळला जा. छोट्या सर्व्हिसवर जाऊ नका, तिथं शिकाऊ पोरं असतात.

शाळेच्या_बाई
मी रोज ३८ किमी शाळेला जाते, त्यामुळे गाडी माझीच मी सांभाळते. माझा अनुभव सांगते, कारण यात मी फसले आहे.

गेल्या वर्षी एका सर्व्हिस सेंटरमध्ये (नाव लिहीत नाही) ऑइल आणि फिल्टर बदलल्याचं बिल दिलं. १,९०० रुपये भरले. घरी आल्यावर गेज (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) काढून पाहिला तर ऑइल काळंभोर. पेट्रोल गाडीचं नवीन ऑइल मधासारखं दिसतं, २० किमीत ते असं काळं होत नाही. परत गेले तर म्हणाले, मॅडम, तुम्हाला यातलं कळत नाही. मला फार अपमान वाटला, पण हातात पुरावा नव्हता.

तेव्हापासून सर्व्हिसला जायच्या आधी ऑइल फिल्टरवर नेलपॉलिशचा छोटा लाल टिपका देते. परत आल्यावर टिपका दिसला तर फिल्टर तोच आहे. आणि गाडी देताना सांगते की जुना फिल्टर मला दाखवा. एवढं म्हटलं की ते नीट वागतात. दादा, तुमचा फिल्टर खालून नीट दिसत नसेल तर मोबाईलची बॅटरी लावून पाहा.

शिवारवाला
बाईंनी बराबर सांगतलं. म्हनूनच म्हनतो, गावातला मिस्त्री बरा. आन् भाऊ, जुनं ऑइल तिथं सोडून येऊ नोको, पैसे तुहे आहेत. जयकं ऑइल डब्यात घेऊन येजो. बंडीच्या आखाले, कुंपनाच्या खांबाले लावलं त उधई लागत नाही. माह्या आजापासून लावून रायलो आमी.

काळी_माती
शिवारवाले दादा, तुमचा राग नका धरू, पण हे थांबवा. जळक्या ऑइलात धातूचा बारीक चुरा आणि नको ते सगळं असतं. पावसात ते खांबावरून उतरतं आणि मातीत जातं. आमच्या शेजाऱ्यानं मोटारीचं जुनं ऑइल विहिरीच्या थाळ्यावर ओतलं होतं, दोन पावसाळे पाण्यावर तवंग दिसायचा. बैलं तोंड लावत नव्हती. कायद्यानंही ते घातक कचऱ्यात मोडतं, गोळा करणाऱ्यालाच द्यायचं असतं.

शिवारवाला
मी विहिरीपाशी लावत नाही. धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) खांबाले लावतो.

काळी_माती
धुऱ्यावरचं पाणीही कुठंतरी जातंच ना दादा. खांबाचं बूड थोडं जाळून कोळसा करून पुरा, उधई उशिरा लागते म्हणतात. आमचे आजोबा तेच करत.

आर्णीचा_नागपुरात
बूड जाळून पुरलेला खांब आमच्याकडे ११ वर्षं टिकला. पण धागाकर्त्या, गाडीचं काय ठरलं? पुन्हा सांगतो, सिंथेटिकच टाक.

पूर्णाकाठ
०डब्ल्यू-१६ हे सिंथेटिकच असतं. वेगळं मागायची गरज नाही.

डेपोचे_काका
बेटा, मी ३१ वर्षं एसटीच्या डेपोत पाना धरला. कुठं करायचं ते तू ठरव, काम कसं झालं पाहिजे ते मी सांगतो.

गाडी थंडी असताना ऑइल काढू देऊ नको. दहा-पंधरा मिनिटं चालवून आणलेली असली की ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ त्याच्याबरोबर उतरतो. वरचं झाकण उघडायला सांग. धार तुटली म्हणजे झालं असं नाही. थेंबाला थेंब पडायला वेळ लागेपर्यंत थांबायचं. घाईत असलेला माणूस इथंच पहिली चोरी करतो, जुनं ऑइल आत राहतं.

चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) नटाचं वायसर (वॉशर) नवीन लागतं. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण ते एकदा दबलं की दबलं, दुसऱ्यांदा नीट बसत नाही, मग पाझरतं. पाझरतं म्हणून पुढचा माणूस नट जास्त आवळतो आणि चेंबरचे आटे जातात. हल्ली पुष्कळ चेंबर अॅल्युमिनियमचे असतात, त्यांचे आटे तर लवकर जातात. नट आधी हातानं पूर्ण बसला पाहिजे, शेवटी टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच आवळायचा पाना). एअर गननं नट बसवू देऊ नको.

फिल्टर काढला की त्याचं रबर त्याच्यासोबत निघालं का ते पाहायचं. माझ्या जावयाच्या गाडीचं जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं होतं आणि गॅरेजवाल्यानं त्याच्यावर नवीन फिल्टर चढवला. दोन रबरं एकावर एक. गॅरेजपासून सहा किलोमीटरवर ऑइलचा लाल दिवा लागला, मागं रस्त्यावर काळा पट्टा. त्यानं जागच्या जागी चावी बंद केली म्हणून इंजिन वाचलं. आणखी दोन किलोमीटर दामटली असती तर क्रॅंक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) गेलाच असता. म्हणून सांगतो, जुन्या फिल्टरवर रबर डोळ्यांनी पाहा. नवीन रबराला नव्या ऑइलचं बोट फिरवायचं, मग हातानं बसवायचा, आणि टेकल्यावर किती फिरवायचा ते फिल्टरवर लिहिलेलं असतं.

भरताना पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमी भरून गाडी सुरू करायची, दिवा गेला की मिनिटभरानं बंद करायची, पाच मिनिटं सपाट जागी उभी ठेवायची आणि गेज पुसून पाहायचा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ. वरच्या खुणेच्या वर नको. जास्त भरलं तर क्रॅंक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसानं वंगण होत नाही. जास्त भरलं म्हणजे गाडीचं भलं केलं असं पुष्कळांना वाटतं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेव. सकाळी डाग दिसला तर गाडी न हलवता फोन कर.

पुस्तक_आधी
काकांचं सगळं बरोबर. पण १० हजारालाच करा. यवतमाळला.

पुसदचा_डिझेलवाला
काकांनी जास्त भरू नको म्हटलं ते खरं आहे, माझ्या मेहुण्याच्या गाडीचं सील त्यानंच गेलं. बाकी जाड ऑइलबद्दल मी माझ्या मतावर आहे. आणि यवतमाळच बरं, छोट्या ठिकाणी नको.

शाळेच्या_बाई
छोट्या ठिकाणी मीही जाणार नाही. पण जिथं जाल तिथं टिपका विसरू नका.

दारव्हेकर
मंडळी, काल काम झालं. मीटर ५,०२० ला.

आधी पुस्तक नीट वाचलं. मागच्या बाजूला धुळीचा रस्ता, जवळजवळच्या फेऱ्या अशा खडतर वापरासाठी वेगळा तक्ता आहे. त्यात ऑइल आणि एअर फिल्टर लवकर पाहायला-बदलायला सांगितलं आहे. माझी पांदण आणि ११ किमीची फेरी दोन्ही त्यात बसतात. म्हणून १० हजाराची वाट पाहिली नाही, ५ हजाराच्या फ्री सर्व्हिसलाच ऑइल बदलून द्या म्हणालो. मजुरी लागली नाही, ऑइल-फिल्टर-वायसरचे पैसे भरले.

नेलं मात्र शेजारच्या तालुक्यातल्या छोट्या अधिकृत सर्व्हिसवर. तुम्ही बहुतेकांनी नको म्हटलं होतं. कारण एकच, फोनवर मी विचारलं की काम चालू असताना मला शेजारी उभं राहता येईल का, आणि ते हो म्हणाले. मोठ्या ठिकाणी काचेच्या मागं बसवतात, पहिल्या वेळी तसंच झालं होतं.

पोरगा बावीस-तेवीसचा होता. काकांनी सांगितलं ते मी कागदावर लिहून नेलं होतं. ऑइल निथळायला त्यानं पंधरा मिनिटं दिली. गडद तपकिरी निघालं, चमक मला काही दिसली नाही. त्यानं जुनं वायसर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. नवीन आणि जुनं शेजारी धरलं तेव्हा कळलं, जुन्याची एक कड नखाएवढी दबून चपटी झाली होती. फिल्टर काढल्यावर न सांगता त्यानं तो उलटा करून दाखवला, रबर त्याच्यावरच होतं, आणि बाईंचा लाल टिपकाही. मग इंजिनची बसायची जागा फडक्यानं पुसली आणि बोटानं चाचपली. ऑइल बॅरलमधून मशीननं भरलं, बॅरलवर ०डब्ल्यू-१६ वाचून घेतलं. गेज मी स्वतः पुसून पाहिला. एअर फिल्टर झटकला तर मूठभर माती निघाली, पुढच्या वेळी बदलायचा. चारही क्लिपा मी हातानं दाबून पाहिल्या.

बिल २,१८० झालं. जुनं ऑइल तिथंच त्यांच्या ड्रममध्ये दिलं, शिवारवाले दादांनी माफ करावं, आमची विहीर धुऱ्यालाच आहे.

सकाळी पुठ्ठा कोरडा होता.

डेपोचे_काका
चांगलं केलंस. आता शंभरेक किलोमीटर झाले की गेज परत पाहा, फिल्टर आणि नटाजवळ खालून हात फिरव. ओलं लागलं नाही म्हणजे झालं. मीटरचा आकडा आणि तारीख वहीत लिहून ठेव, बिलं फिक्की पडतात.

दारव्हेकर
काका, काल आजीला सावंगीला नेऊन आणलं. घरी आल्यावर अर्ध्या तासानं पाहिलं, ऑइल खुणेवरच आहे आणि खाली हात कोरडा निघाला. वहीत लिहिलं आहे.