अनुभव धागा : डेंटल हायजीनच्या क्लिनिकमधले पहिले पेशंट

दातांच्या मॉडेलवर सराव करून हात बसला असं वाटतं आणि खऱ्या तोंडात पहिल्याच दिवशी सगळं कोलमडतं. मॉडेलला जीभ नसते, लाळ नसते, ते मध्येच गिळत नाही. ज्यांनी पेशंट केले आहेत किंवा करणाऱ्यांना शिकवलं आहे, त्यांनी इथे नेमकं लिहावं : हात कुठे टेकवायचा, कोन किती, चूक कुठे होते आणि का होते. "काळजीपूर्वक करा" एवढ्याने कुणाचं भागत नाही.

क्लिनिकल इन्स्ट्रक्टर

सुरुवात हिस्टरीपासून. फॉर्म भरून घेतला म्हणजे हिस्टरी झाली असं नाही. "काही गोळ्या चालू आहेत का?" म्हटलं की बरेच जण नाही म्हणतात, कारण रोजची रक्त पातळ करणारी गोळी त्यांना औषध वाटतच नाही. म्हणून वेगवेगळं विचारा : बीपीची? साखरेची? रक्त पातळ करणारी? हृदयाची झडप बदलली आहे का? कृत्रिम झडप असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं, त्यामुळे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय प्रोबही (दात-हिरडीमधली खोली मोजायची खुणांची सळई) हातात घेऊ नये. बीपी १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर नेहमीचं स्केलिंग (दातांवरचा थर खरवडून काढणं) पुढे ढकलायचं.

मग बसणं. पेशंटचं तोंड घड्याळाच्या मध्यावर आणि डोक्यामागे १२ धरले, तर उजव्या हाताने काम करणाऱ्यांची जागा ८ ते १२ मध्ये असते. वरच्या दातांसाठी पेशंटची हनुवटी वर, खालच्या दातांसाठी हनुवटी खाली. विद्यार्थी पेशंटचं डोकं हलवायला संकोचतात आणि स्वतः वाकतात. "मान थोडी माझ्याकडे वळवा" म्हणायला दोन सेकंद लागतात. न म्हणता काढलेला तास पाठीला महागात पडतो.

पेरिओ (हिरड्यांच्या) विभागातली हायजिनिस्ट

प्रोबिंगवर, म्हणजे प्रोबने खोली मोजण्यावर, जरा सविस्तर लिहिते, कारण पुढचे सगळे निर्णय याच आकड्यांवर होतात.

दाब २० ते २५ ग्रॅम. हा आकडा ऐकून हाताला काही कळत नाही. छोट्या डिजिटल काट्यावर प्रोबचं टोक टेकवून पाहा. पहिल्यांदा बहुतेकांचा दाब याच्या कितीतरी जास्त भरतो.

प्रत्येक दाताची सहा मापं, तीन गालाकडून आणि तीन जिभेकडून. पण सहा ठिकाणी टोचायचं नाही, तर टोक आतच ठेवून १-१ मिमीच्या पावलांनी चालवत न्यायचं आणि प्रत्येक भागातलं सगळ्यात खोल माप लिहायचं. दोन दातांच्या मधे प्रोब काँटॅक्टला (दात एकमेकांना टेकतात त्या जागेला) टेकला की जरासा तिरका करून टोक काँटॅक्टच्या खाली न्यावं लागतं. सरळच ठेवला तर मधला खड्डा सुटतो, फार तिरका केला तर माप उगाच वाढतं.

विल्यम्स प्रोबवर ४ आणि ६ च्या खुणा नसतात. ३ नंतर थेट ५, मग ७. घाईत ४ चा ५ होतो, नाहीतर ३ होतो.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे हिरडीखालचा कॅल्क्युलसचा (दातावर घट्ट बसलेल्या टणक थराचा) कठडा. प्रोब २ मिमीवर अडतो, विद्यार्थी २ लिहून पुढे जातो, आणि खरा पॉकेट, म्हणजे दात-हिरडीमधली खोल फट, ६ चा असतो. फरक बोटाला कळतो. पॉकेटचा तळ मऊ, किंचित लवचिक लागतो, कॅल्क्युलस टणक लागतो. टणक लागलं तर टोक दातापासून केसभर बाजूला घ्या, कठड्याला वळसा घाला आणि परत दाताला लागून खाली उतरा. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या बाजूची फर्केशन (मुळं फुटतात ती जागा) गालाकडून शोधत बसू नका, ती टाळूच्या बाजूने सापडते.

शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी

कॅल्क्युलस शोधायची सोपी सुरुवात : खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू. लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात. दात ओला असेल तर काही दिसत नाही. हवेने वाळवला की तोच थर खडूसारखा पांढरा दिसतो. हवा हळू आणि कडेने मारावी, पॉकेटमध्ये रोखून नाही. आरशावर धुकं धरलं तर गालाच्या आतल्या बाजूला घासून घ्या आणि पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगा.

स्केलिंग शिकवणारी हायजिनिस्ट

प्रोबिंगमध्ये आलेल्या कठड्याच्या मुद्द्यावरूनच पुढे. तो कठडा काढताना काय बिघडतं ते बघू.

ग्रेसी क्युरेटचं (हिरडीखालचा थर काढायच्या गोल टोकाच्या हत्याराचं) पातं खालच्या शँकशी, म्हणजे पात्याला लागून असलेल्या दांड्याशी, ७० अंशांत तिरकं असतं, म्हणून त्याची एकच धार कामाची. शँक जमिनीला काटकोनात धरली की जी कड खाली झुकते ती. मागच्या दातांच्या पुढच्या बाजूला ११-१२ नंबरचं क्युरेट, मागच्या बाजूला १३-१४ नंबरचं. आत घालताना पात्याचा चेहरा (दोन कडांमधली सपाट बाजू) दाताला जवळजवळ चिकटलेला, म्हणजे कोन शून्याकडे. तळाशी पोहोचल्यावर पातं ७० ते ८० अंशांपर्यंत उघडायचं आणि मगच ओढायचं. कोन ९० च्या पुढे गेला की दुसरी कड हिरडी कापते. ४५ च्या खाली राहिला की धार कॅल्क्युलसवरून नुसती घसरते.

ही घसरच जास्त वाईट. हिरडी कापली तर लगेच दिसते. घसरलेल्या धारेने मात्र कॅल्क्युलस निघत नाही, गुळगुळीत होतो. क्युरेट फिरवून पाहिली तर "साफ झालं" असं वाटतं. एक्सप्लोरर ११-१२ (चाचपून बघायची बारीक सुई) अगदी हलक्या हाताने फिरवला तरच एक बारीकशी चढण लागते. पुढच्या भेटीत नेमकी तेवढीच हिरडी लाल असते आणि रक्त येतं. म्हणून थर वरून तासत बसायचं नाही. कठड्याच्या कडेला पातं अडकवा, १-२ मिमीचा छोटा ओढा द्या, सरका, पुन्हा अडकवा. दाब ओढताना द्यायचा, परत खाली जाताना सोडायचा. सतत दाब ठेवला तर हात दहा मिनिटांत थकतो आणि बोटांना काहीच जाणवेनासं होतं.

अनामिका शक्यतो त्याच जबड्यातल्या दातावर, काम चाललेल्या दाताजवळ टेकलेली हवी. ओठावर किंवा गालावर टेकवली तर पेशंट हलला की पातंही हलतं. आणि दाताच्या कोपऱ्यावर वळताना अंगठा-तर्जनीत हँडल फिरवा. फिरवलं नाही तर पात्याचं टोक दात सोडून हिरडीत रुततं. पेशंट दर वेळी कोपऱ्यावरच दचकत असेल तर कारण बहुधा हेच.

अल्ट्रासॉनिक वापरणारे

मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह यंत्रात (कंपनाने थर काढणाऱ्या अल्ट्रासॉनिकचा एक प्रकार) इन्सर्ट, म्हणजे टीप असलेला काढता-घालता भाग, घालण्याआधी हँडपीस उभा धरून पाण्याने काठोकाठ भरा. आत हवा राहिली की तो तापतो. टोकाशी पाण्याचं बारीक धुकं हवं, नुसते थेंब पडत असतील तर पाणी कमी आहे. टीपची बाजू दाताला जवळजवळ समांतर ठेवायची, ० ते १५ अंश. अणकुचीदार टोक कधीच दातावर रोखायचं नाही. जोर लावला की कंपन दबतं आणि काम मंदावतं, हे पटायला सगळ्यांनाच वेळ लागतो. टीप १ मिमी झिजली की सुमारे २५ टक्के ताकद जाते, २ मिमीला निम्मी. त्यावेळी ती टाकून द्यावी. सकाळी पाण्याची लाइन २ मिनिटं सोडायची, दोन पेशंटच्या मधे २० ते ३० सेकंद. पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारेपर्यंत हाताच्या हत्यारांनीच काम करावं. इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावर) साधी धातूची टीप नको, टायटॅनियमवर ओरखडे पडतात.

एक राहिलं : पेशंटला लाळेच्या सक्शनवर ओठ मिटायला सांगू नका. आत दाब बदलला की नळीतली घाण उलटी तोंडात येऊ शकते.

हत्यारांची देखभाल बघणारी

बोथट पात्याने काम केलं की हात आपोआप जास्त दाबतो, आणि वर लिहिलेली घसर होते. धार ॲक्रिलिकच्या कांडीवर तपासा : पातं रुतलं तर धार आहे, सरकलं तर नाही. उजेडात धरल्यावर कडेवर चमकती रेघ दिसली तरी बोथटच. लावताना पात्याचा चेहरा जमिनीला समांतर, दगड त्याच्याशी १०० ते ११० अंशांवर, आणि शेवटचा घासा खालच्या दिशेने, म्हणजे कडेला तारेसारखी बारीक कूस राहत नाही. टोकाकडे येताना दगड वळवला नाही तर गोल टोकाचं क्युरेट चार-पाच वेळांत सिकलसारखं (टोकदार पात्याच्या स्केलरसारखं) टोकदार होतं. मग तेच हिरडीखाली गेलं की जखम ठरलेली. निर्जंतुक न केलेल्या हत्याराला धार लावू नये.

हाताला टोचलंच तर जखम पिळायची नाही. साबण-पाण्याने धुवायची आणि त्याच क्षणी कळवायचं. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, आणि ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. पेशंट खुर्चीत थांबला आहे म्हणून दात पूर्ण करून मग सांगू, असं करू नका. पेशंट थांबतो.