मदत हवी आहे: एका हाताची थरथर, बारीक झालेली सही. कंपवाताची (पार्किन्सन्सची) सुरुवात असेल का?

रानवाटा
वडील, वय ६४. काही महिन्यांपासून टीव्ही बघताना उजवा हात थरथरतो, कप उचलला की थांबतो. त्याच बाजूचा खांदा आखडलाय. फ्रोझन शोल्डर म्हणून व्यायाम चालू आहेत, पण फरक नाही. सही बारीक झाली आहे. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर घरी काय बघून ठेवावं? एमआरआय आधीच काढून न्यावा का? जाणकारांनी कृपया सांगा.

चकोर
थरथर कधी होते ते आधी बघा. कंपवातात हात मांडीवर सैल पडलेला असताना होते, अंगठा आणि तर्जनीत गोळी वळल्यासारखी, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा. एका बाजूने सुरू होते, हात कामाला लागला की कमी होते, झोपेत थांबते. याउलट लिहिताना, कप तोंडाशी नेताना दोन्ही हात कापत असतील, मान किंवा आवाजही कापत असेल, घरात आणखी कुणाला तसंच असेल, तर बहुधा इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे कंपवाताहून वेगळा, काम करताना हात कापण्याचा आजार. त्यात अक्षर वेडंवाकडं होतं, बारीक होत जात नाही.

पण थरथरीवरच थांबू नका. निदान उभं राहतं ते हालचालींच्या मंदपणावर. त्याच्या जोडीला विश्रांतीतली थरथर किंवा ताठरपणा लागतो. थरथर अजिबात नसलेलेही रुग्ण असतात आणि नेमके तेच उशिरा सापडतात. मंदपणा म्हणजे नुसतं सावकाश करणं नव्हे. तीच हालचाल पुन्हा पुन्हा करताना तिचा आवाका आणि वेग घटत जातो, मध्येच अडखळतो. वयामुळे मंदावलेल्या माणसात ही घसरण सहसा नसते.

ती दिसावी म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढा. खुर्चीत बसवून हात मांडीवर मोकळे सोडा आणि १०० मधून ७-७ वजा करत जायला सांगा. मन गुंतलं की दबलेली थरथर वर येते. मग दोन्ही हात समोर १५ सेकंद धरायचे. इथे थरथर काही सेकंद थांबून परत येऊ शकते, म्हणून कॅमेरा लगेच बंद करू नका. त्यानंतर अंगठा आणि तर्जनी जमेल तितकी फाकवून झपाझप टेकवायची, १५ सेकंद, प्रत्येक हाताने वेगळी. शेवटी दहा पावलं चालून वळायचं. बिनरेघी कागदावर एकच वाक्य पाचदा लिहून घ्या आणि काही वर्षांपूर्वीची सही सोबत न्या.

एमआरआय स्वतःहून काढू नका. साध्या एमआरआयमध्ये कंपवात सहसा दिसत नाही, तो इतर कारणं वगळायला असतो. ‘एमआरआय नॉर्मल, म्हणजे कंपवात नाही’ या समजुतीपायी लोकांची वर्षं वाया जातात.

पाऊलवाट
खांद्याबद्दल. फ्रोझन शोल्डरमध्ये हात दुसऱ्याने फिरवला तरी अडतो, विशेषतः बाहेरच्या बाजूला. कंपवाताच्या ताठरपणात तो फिरतो, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा विरोध लागतो, आणि कोपर-मनगटातही. दुसऱ्या हाताची मूठ उघडमिट करायला सांगितली की विरोध वाढतो. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून व्यायाम सोडू नका. चालताना उजवा हात डाव्याइतका झुलतो का तेही बघा. मागून खांदे ओढून तोल तपासायची चाचणी मात्र घरी करू नका, माणूस सरळ मागे पडतो.

आईंना तीन गोष्टी विचारा: वास कमी झालाय का, बद्धकोष्ठता कधीपासून, आणि झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं आहे का. ही लक्षणं थरथरीच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकतात. बद्धकोष्ठता हजार कारणांनी होते, पण झोपेतल्या झाडण्याला मी बरंच वजन देईन. चालू औषधांची यादीही इथे टाका.

रानवाटा
वास बराच कमी झालाय. झोपेत ओरडतात, एकदा पलंगावरून पडलेही. औषधं: रक्तदाबाची एक गोळी, आणि अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल व लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल, सहा महिने रोज.

चकोर
ही कॅप्सूल महत्त्वाची आहे. लेव्होसल्पिराइड डोपामाइनची (मेंदूतलं हालचाली सांभाळणारं रसायन) वाट अडवतं आणि हुबेहूब कंपवातासारखं चित्र उभं करू शकतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवरची सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीवरची फ्लुनारिझिन, मानसिक आजारांवरची काही औषधं यांचंही तेच. ज्यांनी कॅप्सूल लिहून दिली त्यांना आजच फोन करा, लक्षणं सांगा आणि नुसतं पॅन्टोप्राझोल चालेल का विचारा. रक्तदाबाच्या गोळीला हात लावू नका.

औषधाने आलेला त्रास बहुधा दोन्ही बाजूंना असतो. इथे एकच बाजू, वास गेलेला आणि झोपेतलं ओरडणं आहे, म्हणजे आतला कंपवात औषधाने उघडा पडला असणंही शक्य आहे. औषध थांबवल्यावर उतार पडायला काही आठवडे ते काही महिने लागतात, चार दिवसांत फरक नाही म्हणून निष्कर्ष काढू नका. त्यातूनही गोंधळ राहिला तर डॉक्टर डोपामाइन ट्रान्सपोर्टरचा स्कॅन (मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी शाबूत आहेत का ते बघणारा) सुचवतील. निव्वळ औषधाचा त्रास असेल तर तो सहसा नॉर्मल येतो. लेव्होडोपा हे कंपवातावरचं औषध ‘घेऊन तर बघू’ म्हणून आणू नका.

वारंवार पडणं, भास, उभं राहताच घेरी किंवा गिळताना ठसका सुरू झाला तर तीन आठवडे थांबू नका, वेळ अलीकडची मागा. अचानक एक बाजू लुळी पडली, बोलणं अडलं तर थेट इमर्जन्सी. कॅप्सूल बदलली तर ती तारीख लिहून ठेवा आणि तेच व्हिडिओ दर पंधरा दिवसांनी, त्याच खुर्चीत, दिवसाच्या त्याच वेळी काढा.