रोजच्या जिप्सीला मागे लंचबॉक्स लॉकर?

मारुती जिप्सीच्या मागच्या ॲक्सलला स्वस्त आणि सोपा म्हणून लंचबॉक्स लॉकर सुचवला गेलाय. वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये तो बसतो आणि जोर लागला की दोन्ही चाके आपोआप एकत्र जखडतो. किट बसते हे खरे, पण गाडी रोज ऑफिसला जाणार असेल तर मागच्या ॲक्सलला तो नको. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर) आखूड, त्यात पावसातला घाट. वळणात ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की लॉकर धरतो-सुटतो आणि मागची बाजू सरकते. टायरही लवकर घासतात.

बजेट असेल तर मागे एअर लॉकर, म्हणजे हवेच्या दाबाने हवा तेव्हाच लागणारा. एरवी तो ओपन (लॉकर नसलेल्या साध्या) डिफरन्शियलसारखाच चालतो. मात्र त्यात पूर्ण कॅरियर (डिफरन्शियलचे गियर धरणारे कवच) बदलतो, म्हणजे बेअरिंग, प्रीलोड (बेअरिंगवरचा ताण), बॅकलॅश (गियरच्या दातांमधली मोकळीक) सगळे नव्याने. लंचबॉक्समध्ये फक्त कॅरियरच्या आतले छोटे स्पायडर आणि साइड गियर बदलतात. तो पुढे बसवला तर फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाके ॲक्सलपासून सोडवणारे) उघडे असताना रस्त्यावर जाणवतही नाही. पण फोर-व्हीलमध्ये स्टिअरिंग जड होते आणि चाके पूर्ण वळवून रेस दिली तर पुढचे सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकाला जोर पोचवणारे सांधे) तुटू शकतात.

जिप्सीचा गोळा (डिफरन्शियलचा पूर्ण संच) अख्खा बाहेर निघतो, त्यामुळे काम टेबलावर करा. उघडण्याआधी डायल गेजने बॅकलॅश मोजून लिहा. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण पंचने करा. अदलाबदल झाली की बेअरिंग गेलेच. क्राऊनचे (मोठ्या गियरचे) बोल्ट तेलकट ठेवून थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावू नका, आधी धुवा. जोडल्यावर बॅकलॅश जुन्या आकड्यावर आणा. लॉकरच्या दोन भागांमधली फट किटच्या कागदाप्रमाणे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा; ती चुकली तर दात अर्धवट बसून झिजतात.

शेवटी गाडी जॅकवर, गियरमध्ये, इंजिन बंद. एक चाक अडवून दुसरे फिरवा: एका दिशेने कटकट करत सुटायला हवे. गियर ऑइल जीएल-5 दर्जाचे, पहिले 800 किमीला बदला.