'शाय' मासा: लाजाळू, बुजरा की आणखी काही?

ओलीमाती: चुलतभाऊ सिएटलकडे असतो, सुट्टीला हूड कॅनाल नावाच्या समुद्राच्या खाडीत स्कूबा डायव्हिंग करतो. तिथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्याने इंग्रजीत लेख दिलाय आणि मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. लेख वुल्फ ईल नावाच्या माशावर आहे. आठ फुटांपर्यंत वाढतो, खडकाच्या कपारीत राहतो, तोंड तेवढं बाहेर. मी 'शाय'ला 'लाजाळू' लिहिलं. सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "लाजाळू झाड असतं, मासा बुजरा असतो." त्यांचं माहेर गुहागरचं, त्यामुळे माशांच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा. मला मात्र बुजरा म्हटलं की बैल दिसतो. शिवाय 'क्रेव्हिस'ला कपार बरोबर की खोबण? कपार मला डोंगरातलीच वाटते.

खडूफळा: सासूबाई बरोबर आहेत. लाजणं माणसाचं, बुजणं जनावराचं. बैल बुजतो, घोडा बुजतो, पाखरं बुजावीत म्हणून शेतात बुजगावणं. गंमत म्हणजे घोडा बुजला की इंग्रजीतही 'शाय' हेच क्रियापद येतं. डोळे मिटून 'बुजरा' लिहा.

कट्ट्यावरचा: बुजणे म्हणजे भरून जाणे हेही आहेच की. विहीर बुजली, कानाचं भोक बुजलं. मासा फटीत असा शिरतो की फटच बुजते, म्हणून बुजरा!

खडूफळा: ही व्युत्पत्ती घरच्यांनाच सांगा. दोन्ही क्रियापदं वेगळी आहेत.

कट्ट्यावरचा: कशावरून?

ड्रायसूट: व्हँकूवरहून लिहितोय. हा मासा बऱ्याचदा पाहिलाय म्हणून जरा सविस्तर. पाणी आठ-नऊ अंशांचं, कोरडा सूट (आत पाणी न शिरणारा) घालूनही तोंडातल्या रेग्युलेटरभोवती, म्हणजे श्वासाच्या नळीभोवती, ओठ बधिर होतात. तरी जायचं हिवाळ्यातच, कारण उन्हाळ्यात प्लवक माजतं आणि पाणी पार गढूळ होतं. मोठमोठ्या शिळांच्या खालच्या फटी बघत बघत जायचं, टॉर्चचा झोत थेट आत मारायचा नाही, कडेने टाकायचा. फटीच्या तोंडाशी खेकड्यांच्या कवचांचा ढीग असेल तर आत बहुधा ऑक्टोपस. वुल्फ ईल असेल तर आधी डोकं दिसतं. राखाडी, जाड ओठांचं, नर असेल तर सगळीकडे टेंगळं आल्यासारखं. तोंडाची उघडझाप सारखी चालू. नवख्याला वाटतं अंगावर येतोय. प्रत्यक्षात तो श्वास घेत असतो, कल्ल्यांवरून पाणी खेळवत. मागे अंधारात तपकिरी, बारीक चेहऱ्याची मादी. जोडी जमली की वर्षानुवर्षं एकाच बिऱ्हाडात. अंडी घातली की त्या गोळ्याभोवती दोघं वेटोळं घालून बसतात, पिल्लं बाहेर येईपर्यंत तीन-चार महिने. एका वेळी दहा हजारांच्या घरात अंडी असतात.

आता मुद्द्याचं. हा मासा लाजाळू नाही आणि बुजराही नाही. जिथे डायव्हरांनी हातातून खायला घालून सवय लावली, तिथे तो अख्खा बाहेर येऊन माणसाला खेटतो. त्याला फक्त घर सोडायचा कंटाळा.

चहाबिस्किट: मग सरळ 'घरकोंबडा' लिहा ना!

ओलीमाती: मासा आणि कोंबडा एकाच वाक्यात? संपादकबाई मला अंकातूनच काढतील.

खडूफळा: खाऊ घातलं तर बुजरा बैलही हाताला येतो, म्हणून तो बुजरा नव्हता असं होत नाही. पण घरकोंबडा मलाही आवडला. भाषांतरात नको, मथळ्यात चालेल.

शुद्धलेखक: मंडळी विशेषणावर अडून बसलीत आणि नाम तसंच इंग्रजी! 'वुल्फ ईल' काय? 'वृकमत्स्य' करा. वृक आणि वुल्फ मुळातले एकाच घरचे शब्द आहेत. भीमाला वृकोदर म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही.

चहाबिस्किट: वृकोदरचा अर्थ विचारा दहा जणांना, मग बोलू. परदेशातली पोरं वाचणार आहेत हा अंक. आधीच मराठी वाचताना घाम फुटतो त्यांना.

शुद्धलेखक: 'महापौर'ही एकेकाळी नवाच होता. सावरकरांनी दिला, आपण रुळवला.

चहाबिस्किट: महापौर रोज पेपरात येतो म्हणून रुळला. वृकमत्स्य कोणाच्या दारात येणार आहे?

रानभूल: 'पाणलांडगा' कसा वाटतो? आपल्याकडे पाणमांजर आहे, ते मांजर नाही. खवले मांजर आहे, तेही मांजर नाही. पाणघोड्याचं तर बोलायलाच नको. जनावर दिसलं की ओळखीच्या जनावराचं नाव चिकटवायचं ही आपली जुनी खोड. संस्कृताकडे धावायची गरजच नाही.

शुद्धलेखक: पाण- हे बहुधा गोड्या पाण्यातल्या जिवांना लावतात. पाणकणीस, पाणकोंबडी. समुद्रातला असेल तर 'समुद्रलांडगा', समुद्रघोड्यासारखा.

रानभूल: घ्या, आत्ता वृक गेला आणि लांडगा आला. प्रगती आहे.

ड्रायसूट: लांडगा एक वेळ चालेल. पुढचे सुळे तसेच आहेत, मागे मात्र खेकडे आणि सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव) फोडायला भक्कम दाढा. 'ईल'चं भाषांतर 'वाम' करू नका एवढीच विनंती. नावात ईल असला तरी तो ईल नाही. अटलांटिकमधल्या वुल्फफिशचा भाऊबंद आहे, खऱ्या ईलांशी त्याचा संबंध नाही. लांबोळकं अंग बघून नाव पडलंय.

बंदरपाखाडी: आणि लांबोळकं अंग बघून आम्हीही वामच म्हणणार. देवमासा मासा नाही हे शाळेत शिकवून किती वर्षं झाली, देवमाशाचं नाव बदललं का कोणी? कोळ्याच्या टोपलीत वर्गीकरण नसतं हो, भाव असतो. आमची आजी असती तर विचारलं असतं, "मासो खावक मेळता काय, तां आधी सांगा."

ड्रायसूट: खाता येतो. पण ज्याला घरात बसलेलं पाहिलंय तो ताटात बघवत नाही.

ओलीमाती: अहो, कपारीचं कोणीतरी सांगा. अंक छपाईला जायचाय.

खडूफळा: खोबण नको, ती डोळ्याची. बीळ स्वतः खणलेलं असतं, खेकड्याचं, उंदराचं. हा मासा आयत्या फटीत राहतो. घळ फार मोठी, तिच्यात समर्थ राहू शकतात. सांद चालेल, पण सांदीत आमच्याकडे केरसुणी असते.

रानभूल: खबदाड! कोकणात खडकातल्या पोकळीला सर्रास म्हणतात.

बंदरपाखाडी: कुठल्या कोकणात? आमच्या बाजूला खबदाड म्हणजे घाण साचलेली जागा.

रानभूल: आमच्याकडे नाही. खेकडे खबदाडातूनच काढतात.

कट्ट्यावरचा: वामवरून आठवलं. आमच्या तळ्यात 'अहीर' मिळतो, हुबेहूब साप. संस्कृत 'अहि'वरूनच असणार. कोणी शोधलंय का?

खडूफळा: मग अहिराणी ही सापांची भाषा म्हणायची का? दिसायला सारखं म्हणून मूळ एक, हा तुमचा जुना आजार.

कट्ट्यावरचा: नाही ना, पण मासा सापासारखा आहे हे तर खरं?

भीमाकाठ: मधेच विचारतो. वाम आणि वांब एकच का? उजनीच्या पाण्यात काटेरी पाठीचा, टोकदार तोंडाचा मासा मिळतो, भिगवणला हॉटेलांच्या पाटीवर 'वाम' लिहिलेलं असतं. आमच्या गावात जुनी माणसं वांब म्हणतात.

बंदरपाखाडी: तो वाम नव्हे. वाम समुद्रातली, हाताएवढी जाड, तोंडात दात असे की होडीत घेतली तरी आधी डोक्यात सोटा घालावा लागतो. तुमच्या धरणातल्या त्या दोरीला आमच्या बंदरावर कोणी वाम म्हटलं तर हसतील.

भीमाकाठ: हसू देत. पुणे-सोलापूर हायवेवर रविवारी रांग त्या दोरीसाठीच लागते.